तपासणीआधी तासभर हात लावू नये

प्रिय डांबऱ्या,

नाकावरचा तो एक डाग अजून तसाच आहे म्हणे. तुझी ताई सांगत होती, बाकीचे सगळे गेले, हा काही हटेना. राहू दे, शोभतो. सव्विसाव्या वर्षी कांजिण्या आलेला माणूस माझ्या ओळखीत तू एकटाच. फेब्रुवारीत ही बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत होते. समोर पेशंट श्वास रोखून उभा, आणि मी काचेमागे तोंड दाबून हसतेय. त्याला श्वास सोडा म्हणायचं विसरले. बिचारा लालबुंद झाला. तेव्हा हसायला मला एवढंच कारण पुरेसं होतं की तू मला सोडून गेला होतास, तेही नीट न सांगता, एकेक रविवार गाळत गाळत. खरं कारण चार दिवसांनी मिळालं, दुर्बीण मेळ्यात.

कांजिण्यांमुळे यंदा मेळ्याला तू नव्हतास आणि तू दुर्बिणीसाठी घासलेला आरसा माझ्या टेबलावर आला. त्याचं तिथं काय झालं आणि त्यानंतर काय होत गेलं, ते सांगतेय. लांबणार आहे. बसून वाच.

मी खरं तर येणारच नव्हते. गेल्या वर्षीच्या मेळ्यानंतर दुर्बिणी करणाऱ्या त्या मंडळातल्या कुणाचंही तोंड पाहिलं नव्हतं. पण कवळीकाकांचा फोन आला. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, तरी त्या माणसाचे हात अजून स्वस्थ बसत नाहीत. त्यांना नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही. म्हणाले, "अगं, एक डोळा नवा करून आणलाय, दुसरा अजून जुनाच. दोघांचं आपसात पटत नाही. तपासणीच्या टेबलावर यंदा तू बस." मी म्हटलं, "काका, मला माझ्याच आरशातला खड्डा दिसला नव्हता. अख्ख्या हॉलनं बघितलंय ते." तर म्हणतात, "मग आता दुसऱ्यांचे दिसतील. ये गुपचूप. आणि उशी आण, ते स्टूल फार टोचतं."

तोच हॉल, त्याच शाळेचा. बास्केटबॉलच्या जाळीला टांगलेला तोच पुठ्ठ्याचा गुरू, ज्याचा लाल ठिपका दरवर्षी वेगळ्या जागी असतो, कारण दरवर्षी तो गळून पडतो आणि कोणीतरी जमेल तिथं चिकटवतं. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये दुर्बीण बसवलेले गृहस्थ आले होते. यंदा त्यांनी तिला चाकं लावलीत, आणि ती उतारावर आपली आपण निघून जाते म्हणून मागे दोरी बांधलीय. नकाशेवाले नवरा-बायको होतेच. गेल्या वर्षी भांडण जिथं थांबलं तिथून पुढे चालू. "अहो, उलटा धरलाय तुम्ही." "आकाशाचा नकाशा असाच धरतात." "डोक्यावर धरला तर असा. तुम्ही पोटावर धरलाय." बाहेर मैदानात काळी काच लावलेल्या दुर्बिणीतून सूर्य बघायला रांग लागली होती. एक आजी बघून मागे वळल्या आणि म्हणाल्या, "एवढुसाच? आमच्या गच्चीवरून मोठा दिसतो." मला वाटलं होतं, मी आत शिरले की सगळे गप्प होतील, एकमेकांना कोपर मारतील. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. ते जास्त लागलं.

गेल्या वर्षी मात्र सगळ्यांचं लक्ष होतं. आठवतंय ना? माझा पहिला मेळा, पहिला आरसा. टायरच्या दुकानावरच्या त्या वर्कशॉपमध्ये आठ महिने, पिंपाभोवती गोल गोल फिरत, काचेवर काच घासत. शेजारच्या पिंपावर तू. पॉलिशचं ते काळं डांबर कायम तुझ्या नखांत, म्हणून तू डांबऱ्या. मला बारीकसारीक लगेच दिसतं म्हणून मी भिंग. हे नाव तूच ठेवलंस. तर त्या दिवशी काकांनी माझा आरसा तपासला आणि मग फळ्यावर खडूनं आकृती काढली. मधोमध खड्डा. मागून नकाशेवाले ओरडले, "अहो, यात पाखरं पाणी पितील की!" हॉल हसला. आणि कोण ते मला अजून कळलेलं नाही, पण एक आवाज म्हणाला, "या एक्स-रे काढतात ना? हाडं तरी दिसतात का यांना?" तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, "होतं गं असं पहिल्या आरशाला." तुझा हात उबदार होता. तुझे हात कायमच उबदार, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. दिवसभर दगडी ओटे पॉलिश करणाऱ्याचे असतातच तसे, असं तूच सांगायचास.

आणि नुसती बेअब्रू झाली असती तर मी आठवड्याभरात विसरले असते. त्या खड्ड्यात ती वीस इंची काच गेली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली पडलेली, चार बोटं जाड, उचलायला दोन माणसं लागणारी. काकांनी ती सात वर्षांपूर्वी कुठून कुठून मिळवली आणि शब्द दिला, की ज्याचा आरसा मेळ्यात पूर्ण स्वच्छ निघेल त्याच्या हाती ही काच. मंडळाची मोठी दुर्बीण तो करेल. दोन वर्षांचं काम, आणि मग जन्मभर तिच्यातून बघणारा प्रत्येक जण त्याच्या हातातून बघणार. तुला ती हवी होती. मलाही हवी होती. आपण दोघं मिळून करू, असं मी तुझ्याजवळ बोलूनही दाखवलं होतं, आणि तू "हं" म्हणाला होतास. त्या एका "हं"वर मी हिवाळा काढला.

आता यंदाचं. अकरा वाजता काकांचा कार्यक्रम असतो, आरसा कसा तपासतात ते लोकांना दाखवायचा. मी तो कधी बघितला नव्हता. गेल्या वर्षी त्या वेळेला तू मला म्हणाला होतास, "ते पोराटोरांसाठी असतं. तू सूर्याच्या रांगेत उभी राहा, मी आलोच." यंदा टेबल माझ्याकडेच, त्यामुळे मी तिथंच. खिडक्यांना काळे पडदे, आत वीसेक माणसं दाटीवाटीनं. काका सांगत होते: इकडे स्टँडवर आरसा, इकडे सुईच्या भोकाएवढा दिवा, दिव्याशेजारी दाढीचं पातं, आणि पात्यामागे आपला डोळा. आरशाकडून परत आलेला उजेड पात्यानं कापला की ती गुळगुळीत काच एकदम जमिनीसारखी दिसायला लागते, उतरत्या उन्हातल्या. केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटा असला तरी टेकाड दिसतं, तेवढीच खोली असली तर खड्डा. आपल्यासारख्या छोट्या, लांब नळीच्या आरशात सगळीकडे सारखा करडा रंग दिसला की समजायचं, झाला. "कवळी आणि आरसा, दोन्हीत तेवढंच," काका म्हणाले, "केसभर चुकलं की माणूस रडतो." मग त्यांनी आरशाच्या मधोमध अंगठा टेकवला आणि मोठ्यानं साठपर्यंत आकडे मोजले. अंगठा काढला, ठसा पुसला. "आता या एकेक."

माझा नंबर आला. मधोमध टेकाड. काका सांगत होते, "काच काही वाढली नाही बरं का. ही आपल्या बोटाची ऊब. दहा-पंधरा मिनिटांत उतरेल. म्हणून तपासणीआधी आरशाला हात लावायचा नसतो, हा पहिला नियम." मला ते टेकाड ओळखीचं वाटलं. गर्दीत एखादा चेहरा दिसावा आणि नाव ओठावर येऊन अडकावं, तसं. आणि नाव काकांनीच सांगितलं. "गेली तीन वर्षं हा अंगठा आपल्या डांबऱ्याचा असायचा. काय गरम हात त्या पोराचे! तीस मोजेपर्यंत डोंगर! यंदा बसलाय घरी अंग खाजवत." सगळे हसले. मीही हसले. हसता हसता टेबलाची कड घट्ट धरली.

लोक गेल्यावर मी बॅगेतून वही काढली. तीच, तपासणीची, गेल्या वर्षीच्या मेळ्याआधीची. का आणली होती माहीत नाही. त्या टाचणीएवढ्या दिव्याच्या उजेडात वाचत बसले. नोव्हेंबरचा दुसरा रविवार, माझं अक्षर: 'सगळीकडे सारखा करडा. झाला???' तीन प्रश्नचिन्हं. हे मी तुला उड्या मारत दाखवलं होतं. तू वाचलंस, वही मिटलीस आणि म्हणालास, "नव्या माणसाला असंच दिसतं. काकांना इतक्यात सांगू नकोस, हसतील. पुढच्या रविवारी परत बघ." पुढच्या रविवारी मी आरसा स्टँडवर ठेवणार तेवढ्यात तू आलास. "थांब, पुसून देतो." मऊ फडकं घेऊन, मधोमध, हळूहळू, गोल गोल, तळहात पूर्ण टेकवून. मी शेजारी उभी राहून तुझा हात बघत होते. मला वाटलं, इतक्या जपून माझ्या कुठल्याच वस्तूला कुणी हात लावलेला नाही. वहीत त्या दिवशी लिहिलंय: 'मधे टेकाड.'

मग चौदा रविवार. मधे टेकाड. मधे टेकाड, किंचित कमी. मधे टेकाड. दर रविवारी तुझं "थांब, पुसून देतो", आणि दर आठवडा मी मधेच घासतेय, टेकाड उतरवायला. आता नसलेलं टेकाड घासायचं म्हणजे दुसरं काय, खड्डा खणायचा. मी खणत गेले आणि रविवारी पात्यामागे डोळा लावायच्या आधी तुझ्या तळहाताची ऊब तो भरत गेली. मेळ्याच्या आदल्या रविवारी मी लिहिलंय: 'सगळीकडे सारखा करडा!' शेजारी उद्गारचिन्ह, आणि एक छोटंसं फूल काढलंय. तू टाळी दिली होतीस.

तरीसुद्धा, खरं सांगते, मी त्या अंधारात बसून तुझी वकिली करत होते. असेल, सहज पुसत असेल. प्रेमात माणसं कसलेही वेडेपणे करतात. लक्षात आलं नसेल त्याच्या. मी तुला जवळजवळ सोडवलंच होतं. तेवढ्यात ताई आली. स्कूल बस गेटसमोर आडवी लावून, एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात ब्लँकेटमध्ये बाळासारखा गुंडाळलेला तुझा आरसा. "घे गं बाई, सुटले मी. घरून निघाल्यापासून चार फोन. स्पीडब्रेकर हळू घे, ब्रेक हळू मार, खिडकी लाव. रोज पन्नास पोरं नेते मी, त्यांच्या आयांनी एवढा छळ केला नाही." मग खिशातून चिठ्ठी काढली. "आणि ही. दहादा बजावलंय, तपासणाऱ्याच्या हातातच दे म्हणून." तपासणारी मी आहे हे तुला माहीत नव्हतं. चिठ्ठीत तुझं ते तिरकं अक्षर: 'तपासणीआधी तासभर हात लावू नये. पुसू नये.' आणि 'पुसू नये'खाली दोन रेघा.

एक रेघ मारली असतीस तरी मी कदाचित सोडून दिलं असतं.

मी तुझं ऐकलं. तासभर हात लावला नाही. काका डबा खायला गेले, मी पडदे ओढून घेतले आणि तुझ्या आरशासमोर गप्प बसून राहिले. घड्याळात तास झाल्यावर पात्यामागे डोळा लावला. काय सांगू तुला. पाटीवर ओला बोळा फिरवून ती वाळू द्यावी, तसा करडा. मधे तसाच, कडेला तसाच. कुठे ओरखडा नाही, लाट नाही. तुला सावल्या वाचता येत नाहीत, कधीच येत नव्हत्या. तुझा डोळा पाणावतो, मग तुला सगळं सारखंच दिसतं. आधी काका तुझा आरसा बघून द्यायचे, पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीन महिने तेही नव्हते. म्हणजे हे तू नुसत्या हातानं केलं होतंस. बोटांनी ऐकत ऐकत. मला रडू आलं, उगाच लपवत नाही. एवढा चांगला हात. त्याला माझा आरसा बिघडवायची गरज काय होती? तू पुढच्या वर्षी असाच जिंकला असतास. मी काच तुझ्याबरोबर वाटून घ्यायला निघाले होते, तू मागायचीसुद्धा गरज नव्हती.

मग मी चष्म्याचं फडकं काढलं. माझे हात गार असतात, पेशंट दचकतात. म्हणून आधी काकांच्या थर्मासला दोन्ही तळवे लावून बसले, चटका बसेपर्यंत. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे रागाच्या भरात झालं असं तुला वाटायला नको. मग पुसला. मधोमध, हळूहळू, गोल गोल. दोनशेपर्यंत मोजले. आणि दार उघडून हाक मारली, "काका, जरा बघता?"

काकांनी नवा डोळा लावला. पातं दोनदा पुढेमागे सरकवलं. मग, "अरेरे. टेकाड." मी म्हटलं, "हो ना." "तासभर थांबलीस ना?" "थांबले, काका." थांबले तर होतेच. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर निकाल सांगितला. तेरा आरसे आले होते, त्यांतला एकही स्वच्छ नाही, म्हणून काच कुणालाच नाही. पण तुझा सगळ्यांत जवळचा. तेव्हा कमिटीनं ठरवलं, जूनअखेरपर्यंत मुदत. टेकाड उतरलं तर वीस इंची तुझी. "दर रविवारी वर्कशॉपमध्ये तपासणी ठेवू," काका म्हणाले, "पण मला आता तो जिना नको, गुडघे शिव्या देतात. किल्ली भिंगाकडे." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त तुझ्या बाजूनं. शनिवारी संध्याकाळी ताई आरसा आणून द्यायची, रविवारी दुपारी कागदासकट घेऊन जायची. 'मधे टेकाड.' 'मधे टेकाड, किंचित कमी.' कागदावर मी एकही शब्द खोटा लिहिलेला नाही, हे लक्षात ठेव. आधी थर्मास, मग फडकं, मग पातं, आणि जे दिसलं ते लिहिलं. तूही माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतास. तू नुसता पुसायचास.

ताईकडून कळायचं सगळं. कामावरून आला की तडक घरच्या पिंपाशी. जेवताना पण याचा हात ताटात गोल फिरतो. एकदा म्हणाली, "तू सांग ना त्याला पुरे म्हणून. तुझं ऐकेल." मी म्हटलं, "माझं कशाला ऐकेल, ताई?" ती म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणजे ना," आणि वाक्य तिथंच टाकून खाली गेली. काकांचेही फोन यायचे. दुसरा डोळाही झाला आता त्यांचा. "उतरलं का गं टेकाड? त्या काचेतून एकदा शनी बघितला ना, की मग माझी कवळी काढून ठेवायला मी मोकळा." काकांपुरतं मला झोंबलं. आजही झोंबतंय. ते एकच.

पण तू एकदाही वर का आला नाहीस? पंधरा पायऱ्या आहेत. एका रविवारी जरी आला असतास, तर मी पुसताना दिसले असते. बघताक्षणी तुला कळलं असतं, जगात हे ओळखू शकणारा तू एकटाच आहेस, आणि सगळं तिथंच संपलं असतं. जिन्यावर पाय वाजले की मी फडकं खाली ठेवून वाट बघायचे. दर वेळी किल्ल्या वाजायच्या. दर वेळी ताई. माझ्यासमोर यायला तोंड नव्हतं म्हणून तू आरसा पाठवत राहिलास, आणि आरसा येत राहिला म्हणून मी पुसत राहिले. कधी कधी एक वेगळाच संशय येतो, की तुला कळलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या कागदालाच कळलं होतं आणि तरी तू घासत राहिलास. तसं असेल तर मला कधीही सांगू नकोस. माझा आनंद नासवू नकोस.

आज जूनचा शेवटचा रविवार. ताई खाली हॉर्न वाजवतेय. काल संध्याकाळी आरसा आला तेव्हापासून मी त्याला बोटही लावलेलं नाही. सकाळी बघितला: मधोमध खड्डा, माझ्यापेक्षा खोल. सोबतच्या कागदावर आकृती काढलीय, नीट, मापासकट. हा आता नुसत्या पॉलिशनं भरायचा नाही, सगळी काच पुन्हा उतरवायला लागेल. तू मला चौदा वेळा पुसून दिलंस. मी मेळ्यातला धरून सोळा. हे दोन ओळींतही लिहिता आलं असतं, पण तुला कमिटीपुढे न्यायला काहीतरी हातात लागेल ना, म्हणून सगळं सविस्तर दिलंय, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. मी केलं, हात गरम करून केलं. काकांना दाखव. ते मला मंडळातून काढतील, किल्ली घेतील, आणि मेळ्यात तुझा आरसा स्वच्छ होता म्हणून ती वीस इंची काच तुला देतीलसुद्धा. त्यांना शनी दिसेल. माझी काही हरकत नाही. फक्त द्यायचं तर अख्खं पत्र द्यावं लागेल. मी काय केलं ते मी का केलं याच्याशिवाय कुणाला पटणार नाही, आणि ते मधल्या पानांवर आहे, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून. ती पानं तुझी आहेत.

तुझीच,
भिंग